चालू सर्व्हरवर जुन्या डेटाबेसला धक्का न लावता नवीन डेटाबेस कसा उभा करावा?

प्रश्न थोडक्यात असा : वाचनालयात उबुंटू २२.०४ चा एक सर्व्हर आहे, त्यावर पोस्टग्रेस १४ हे डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर आहे आणि त्यात सभासद-देवघेवीचा डेटाबेस काउंटरवर दिवसभर चालू असतो. आता दुर्मिळ ग्रंथांच्या सूचीसाठी वेगळा डेटाबेस हवा आहे. नवीन मशीन घ्यायला कार्यकारिणी तयार नाही आणि देवघेव एक तासही बंद पडता कामा नये.

असे लहान संस्थांचे सर्व्हर मी सांभाळतो, त्यामुळे ही परिस्थिती ओळखीची आहे. डेटाबेस तयार करायला एक ओळ पुरते. तुमचं खरं काम ती ओळ लिहिण्याच्या आधीचं आणि नंतरचं आहे. (कमांड इथे देवनागरीत लिहितो आहे, टाइप अर्थातच रोमनमध्ये करा.)

एकाच पोस्टग्रेसमधला दुसरा डेटाबेस म्हणजे वाड्यातलं दुसरं बिऱ्हाड. खोल्या वेगळ्या, पण नळ, जिना आणि मीटर एकच. टेबलं एकमेकांना दिसत नाहीत, हे खरं. पण युजर सगळ्या सर्व्हरचे मिळून असतात, मेमरी सामायिक असते, कनेक्शनची कमाल संख्या सामायिक असते आणि प्रत्येक बदल आधी ज्यात लिहिला जातो ती वॉल नावाची नोंदवहीसुद्धा एकच असते. रीस्टार्ट केलात तर दोन्ही बंद पडतात. डिस्क भरली तरी दोन्ही बंद पडतात.

म्हणून पहिला निर्णय : त्याच पोस्टग्रेसमध्ये डेटाबेस करायचा, की त्याच मशीनवर पोस्टग्रेसचा दुसरा क्लस्टर, म्हणजे स्वतःचा डेटा फोल्डर आणि सेटिंग्ज असलेलं दुसरं चालू पोस्टग्रेस, चालवायचा? उबुंटूवर दुसरं अवघड नाही. पीजी_क्रिएटक्लस्टर चालवलं की ५४३२ अडलेला असल्यामुळे त्याला ५४३३ पोर्ट (जोडणीचा दरवाजा-क्रमांक) मिळतो आणि दोघांचे युजर, कनेक्शन आणि वॉल वेगळे होतात, मशीन आणि डिस्क मात्र एकच राहते. जुनं सॉफ्टवेअर ज्यांनी बसवलं ते अजूनही देखभाल करत असतील आणि वाटेल तेव्हा रीस्टार्ट करत असतील, तर वेगळा क्लस्टर बरा. आणखी एक कारण असू शकतं. तुमचा बॅकअप वॉल साठवून 'काल दुपारी दोनच्या स्थितीला न्या' या पद्धतीचा असेल, तर तो परत आणताना अख्खा क्लस्टर मागे जातो. एकच डेटाबेस मागे नेता येत नाही. यापैकी काही नसेल, आणि ग्रंथसूची म्हणजे काही हजार नोंदीच असतील, तर त्याच क्लस्टरमध्ये करा. दोन क्लस्टर म्हणजे दोन ठिकाणचे लॉग आणि दोन ठिकाणची सेटिंग्ज, आणि लहान संस्थेत ते सांभाळायला माणूस नसतो. पुढचं सगळं त्याच क्लस्टरमध्ये करायचं असं धरून लिहितो.

आधी पाहणी. सुडो करून पोस्टग्रेस युजरने पीएसक्यूएल, म्हणजे कमांड देण्याची खिडकी, उघडा आणि डेटाबेसांची यादी दाखवणारं बॅकस्लॅश-एल द्या. यादीत तुमच्या डेटाबेसखेरीज पोस्टग्रेस, टेम्प्लेट० आणि टेम्प्लेट१ दिसतील. नवीन डेटाबेस कोऱ्या पाटीवर तयार होत नाही, तो टेम्प्लेट१ ची नक्कल असतो. कोणी कधी चुकून टेम्प्लेट१ मध्ये टेबलं करून ठेवली असतील, तर ती नव्या डेटाबेसात जन्मतःच हजर होतात. त्याच यादीतला एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं कोणत्या बाइटांत साठवायची त्या पद्धतीचा, रकाना पाहा. सर्व्हर बसवताना भाषेचं सेटिंग नुसतं सी राहिलं असेल तर तिथे एसक्यूएल_एएससीआयआय दिसेल. म्हणजे पोस्टग्रेस आलेले बाइट न तपासता ठेवून घेणार, मराठीची वाट लागली तरी तक्रार करणार नाही. या दोन्ही कारणांसाठी मी नेहमी टेम्प्लेट० वरूनच डेटाबेस करतो. तो कोरा राखलेला असतो आणि वेगळं एन्कोडिंग तिथेच सांगता येतं.

नाव रोमन, लहान लिपीत, मोकळी जागा न सोडता द्या. 'ग्रंथसूची' असं देवनागरी नावही पोस्टग्रेस घेतं, पण नावाला ६३ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइट खातो, म्हणजे २१ वर्णांत संपलं. शिवाय रात्री फोनवरून दुरुस्ती करायची वेळ आली की ते नाव टाइप करताना कळतं.

आता युजर. दोन करा. एक मालक, ज्याला लॉगिनच नाही. टेबलं त्याच्या नावावर राहतील. दुसरा अ‍ॅप्लिकेशनचा, लॉगिन आणि पासवर्ड असलेला, ज्याला फक्त नोंदी वाचण्या-लिहिण्याची परवानगी. पोस्टग्रेस हाच सर्वाधिकारी युजर, म्हणजे सुपरयुजर, अ‍ॅप्लिकेशनला देऊन टाकणं सोपं असतं आणि बऱ्याच ठिकाणी तेच केलेलं दिसतं. पण सुपरयुजरला कुठलीही परवानगी अडवत नाही, त्यामुळे सूचीच्या प्रोग्रॅममधली एक चूक थेट सभासदांच्या डेटाबेसपर्यंत पोचू शकते.

मग ती एक ओळ : क्रिएट डेटाबेस, नाव, ओनर तो मालक, टेम्प्लेट टेम्प्लेट०, एन्कोडिंग यूटीएफ८, एलसी_कोलेट सी, एलसी_सीटाइप सी.यूटीएफ-८, आणि कनेक्शन लिमिट २०. शेवटची मर्यादा महत्त्वाची आहे. सगळ्या सर्व्हरला मुळात १०० कनेक्शन मिळतात, त्यातली ३ सुपरयुजरसाठी राखीव. नव्या अ‍ॅप्लिकेशनने कनेक्शन उघडून सोडलीच नाहीत, तर काउंटरवरच्या बाईंना कनेक्शन नाकारल्याचा संदेश दिसतो. मॅक्स_कनेक्शन्स वाढवायला रीस्टार्ट लागतो. नव्या डेटाबेसला मर्यादा घालायला तो लागत नाही.

ही ओळ काउंटर बंद असताना चालवा. १४ मध्ये डेटाबेस तयार होताना चेकपॉइंट होतो, म्हणजे मेमरीत साठलेलं सगळं डिस्कवर उतरवलं जातं. जुन्या फिरत्या डिस्कवर तेवढा वेळ देवघेव अडखळू शकते. आणि 'टेम्प्लेट डेटाबेस वापरात आहे' असा एरर टेम्प्लेट१ वरून करणाऱ्यांना येतो तो बहुधा कोणाच्या तरी पीजीअ‍ॅडमिनमध्ये (डेटाबेस पाहायच्या खिडकीवाल्या प्रोग्रॅममध्ये) टेम्प्लेट१ उघडा राहिल्यामुळे.

वर कोलेट, म्हणजे अक्षरांचा क्रम, 'सी' का म्हटलं ते नीट सांगतो, कारण हे सेटिंग डेटाबेस तयार झाल्यावर बदलता येत नाही आणि वाचनालयाला त्याचा थेट फटका बसतो. 'सी' क्रम म्हणजे युनिकोडच्या अनुक्रमांकाचा क्रम. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसवलेला आहे. त्यामुळे लेखकांची यादी लावली की येतं : गोखले, गोरे, गोळे, गोसावी. तुमच्या ग्रंथपालांना हवं असतं : गोखले, गोरे, गोसावी, गोळे. क्ष चे शब्दही क मध्ये जाऊन बसतात. मग 'सी' कशाला? कारण हा क्रम कधीही बदलत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या जीलिबसी या लायब्ररीवर क्रम सोपवला, की ती बदलल्यावर इंडेक्स, म्हणजे नोंदी पटकन शोधायच्या क्रमवार याद्या, बिघडतात. २०१८ मध्ये आलेल्या जीलिबसी २.२८ ने अनेक भाषांचा क्रम बदलला तेव्हा जगभर लोकांना इंडेक्स नव्याने बांधावे लागले. म्हणून डेटाबेसचा पाया 'सी', आणि जिथे मराठी क्रम हवा त्याच रकान्यांना, म्हणजे लेखक आणि शीर्षक यांना, टेबल करताना एम-आर-एक्स-आयसीयू हा कोलेशन (आयसीयू या युनिकोड लायब्ररीतला मराठी क्रम) द्या. अख्खा डेटाबेसच आयसीयूवर उभा करण्याची सोय पोस्टग्रेस १५ पासून आली, तुमच्याकडे १४ आहे, म्हणून रकान्यावर. वरची चार नावं एका तात्पुरत्या टेबलात घालून दोन्ही क्रमांनी लावून पाहा, ग्रंथपालांना शेजारी बसवा.

ओघाने आलंच आहे तर : 'कऱ्हाड' दोन तऱ्हेने टाइप होतं. कोणी ऱ हे वेगळं अक्षर वापरतं, कोणी र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक वापरतं. डोळ्यांना दोन्ही सारखे, डेटाबेसला वेगळे. पोस्टग्रेसचं नॉर्मलाइझ फंक्शन हे दोन रूप एक करत नाही. भरणीच्या वेळी आपणच एक रूप ठरवून दुसरं बदलून घ्यावं लागतं, नाहीतर एकच प्रकाशन-गाव सूचीत दोनदा येईल.

परवानग्या. पोस्टग्रेसमध्ये नवीन डेटाबेसला जोडून घ्यायचा अधिकार पब्लिकला, म्हणजे सर्व्हरवरच्या प्रत्येक युजरला आपोआप असतो. आणि १४ पर्यंत पब्लिक नावाच्या स्कीमात, म्हणजे डेटाबेसातल्या टेबलं ठेवायच्या कप्प्यात, टेबल करायची मुभाही सगळ्यांना असते. १५ मध्ये ती काढली गेली. म्हणून नव्या डेटाबेसात शिरून दोन्ही रिव्होक करा (काढून घ्या) आणि मग अ‍ॅप्लिकेशनच्या युजरला हवं तेवढंच ग्रँट करा (द्या). 'ऑल टेबल्स'वर दिलेलं ग्रँट त्या क्षणी असलेल्या टेबलांपुरतंच असतं. उद्या मालकाने नवीन टेबल केलं की अ‍ॅप्लिकेशनला 'परमिशन डिनाइड' येतो. त्यासाठी ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस, तेही 'फॉर रोल' मध्ये मालकाचं नाव घालून.

उलट बाजूही आहे. नवा युजर सभासदांच्या जुन्या डेटाबेसातही जोडून घेऊ शकतो. तिथलं पब्लिकचं कनेक्ट काढणं योग्य, पण आधी जुनं सॉफ्टवेअर कोणत्या युजरने येतं ते पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी या चालू कनेक्शनांच्या यादीत पाहा आणि त्याला नाव घेऊन कनेक्ट द्या. मगच रिव्होक. क्रम उलटा झाला तर सकाळी काउंटर उघडणार नाही.

नव्या युजरने जोडताना 'पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड' दिसलं तर घाबरू नका. लिनक्सच्या युजरचं नाव आणि डेटाबेसच्या युजरचं नाव जुळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पत्ता म्हणून १२७.०.०.१ द्या, म्हणजे पासवर्ड विचारला जाईल. कोणी कुठून कसं जोडायचं ते ठरवणाऱ्या पीजी_एचबीए फाइलला हात लावायची गरजच नाही. लावायचीच वेळ आली तर लक्षात ठेवा की ती वरून खाली वाचली जाते आणि जुळलेली पहिली ओळ लागू होते. बदलानंतर रीलोड पुरतो. ५४३२ पोर्ट बाहेरच्या जगाला उघडू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

पानांचे स्कॅन डेटाबेसात कोंबू नका. फाइल्स फोल्डरमध्ये ठेवा, डेटाबेसात फक्त फाइलची वाट (पाथ) लिहा. तो फोल्डरही शक्यतो वेगळ्या डिस्कवर.

बॅकअप. तुमच्या सर्व्हरवर रात्री चालणारी स्क्रिप्ट उघडून वाचा. तिच्यात बहुतेक जुन्या डेटाबेसचं नाव ठोकून लिहिलेलं असेल, म्हणजे नवा डेटाबेस तिच्या खिजगणतीत नसेल. त्यासाठी पीजी_डंप, म्हणजे एका डेटाबेसची नक्कल फाइलीत काढणारी कमांड, कस्टम फॉरमॅटमध्ये वेगळी लावा. डंपमध्ये युजर आणि पासवर्ड येत नाहीत, म्हणून पीजी_डंपऑल 'ग्लोबल्स ओन्ली' पर्यायासह सोबत. चालू सर्व्हरचा डेटा फोल्डर कॉपी करून ठेवणं याला बॅकअप म्हणत नाहीत. सूची भरायला सुरुवात करण्याआधीच एक डंप दुसऱ्या नावाच्या डेटाबेसात रिस्टोअर करून पाहा, तेव्हा तो सेकंदात होतो.

भरणीसाठी जुनी यादी एक्सेलमध्ये असेल तर आधी तिचा फॉन्ट बदलून पाहा. श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेली यादी असेल तर फॉन्ट काढताच रोमन अक्षरांचा खिचडा दिसेल. ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून माणसाकडून तपासून घ्यावी लागेल, जोडाक्षरं आणि रफार हमखास घसरतात. मग यूटीएफ-८ सीएसव्ही, आणि पीएसक्यूएलची बॅकस्लॅश-कॉपी हेडर पर्यायासह. साधी कॉपी सर्व्हरवरची फाइल वाचते आणि त्याला जास्तीचा अधिकार लागतो. भरणी झाली की एकदा अ‍ॅनलाइझ, म्हणजे पोस्टग्रेसला नव्या डेटाचा अंदाज येतो.

पोस्टग्रेस १४ ला सुधारणा मिळणं नोव्हेंबर २०२६ मध्ये थांबणार आहे, तेव्हा पुढच्या आवृत्तीवर जावं लागेल. नव्या उबुंटूबरोबर आयसीयूची आवृत्तीही बदलेल आणि 'कोलेशन व्हर्जन मिसमॅच' अशी सूचना येऊ शकते. तेव्हा लेखक आणि शीर्षकावरचे इंडेक्स रीइंडेक्स करा (नव्याने बांधा), मग ऑल्टर कोलेशन रिफ्रेश व्हर्जन द्या. बाकीच्या 'सी' क्रमाच्या इंडेक्सना हात लावावा लागणार नाही.