नजर रोखावी की मोकळी सोडावी?

प्रश्न : मी भाषाविज्ञानाची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. पडद्यावर चार चित्रे दाखवून एक शब्द ऐकवायचा आणि लक्ष कोणत्या चित्राकडे वळते ते तपासायचे, असा माझा प्रयोग आहे. सहभागी व्यक्तींना मधल्या फुलीवर नजर ठेवायला सांगावे का?

उत्तर : नजर आणि लक्ष बहुधा एकत्र फिरतात, पण ती एकच नव्हेत. नजर एका बिंदूवर ठेवूनही लक्ष दुसरीकडे नेता येते, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच अंधारात, ठिणगीच्या क्षणिक प्रकाशात अक्षरे पाहून अनुभवले होते. असे आतल्या आत वळणारे लक्ष मोजायचे असेल, तर नजर रोखणे अपरिहार्य आहे.

तुमचा प्रश्न मात्र मला वेगळा वाटतो. ‘कागद’ हा शब्द ऐकताना ‘का’ एवढेच कानी पडते तेव्हा ‘कावळा’ही मनात जागा होतो का, हे डोळेच सांगतात, शब्द पूर्ण होण्याआधीच नजर हलू लागते, हे मानसभाषाशास्त्रज्ञ टॅननहाउस आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली खऱ्या वस्तू वापरून दाखवले. तेथे नजर रोखणे म्हणजे मोजायचीच गोष्ट पुसून टाकणे होय. शब्दापूर्वी सर्वांची नजर फुलीवर आणावी, शब्द सुरू होताच ती मोकळी सोडावी, आणि डोळ्यांची उडी ठरून प्रत्यक्ष घडायला सुमारे २०० मिलिसेकंद लागत असल्यामुळे शब्दारंभानंतरच्या तेवढ्या काळातील हालचालींचे श्रेय शब्दाला देऊ नये.

तरीही नजर रोखायचीच असेल, तर नुसत्या सूचनेवर विसंबू नका, कारण उत्तम सहकार्य करणाऱ्या व्यक्तीचेही डोळे नकळत सरकतात. चित्रे १५० मिलिसेकंदांपेक्षा कमी काळ दाखवली तर ती दिसत असताना तेथवर नजर पोहोचणे जवळजवळ अशक्य होते, परंतु एवढ्या वेळात चार चित्रे धड ओळखता येत नाहीत. म्हणून आय ट्रॅकर (नजर कोठे आहे ते टिपणारे यंत्र) वापरावा, हनुवटीला आधार द्यावा आणि अधूनमधून कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राने दाखवलेली जागा खऱ्या नजरेशी जुळते का, हे पुन्हा तपासावे. पडदा ५७ सेंटिमीटरवर ठेवल्यास त्यावरील १ सेंटिमीटर म्हणजे डोळ्यापाशी होणारा साधारण १ अंशाचा कोन, हे हिशेबाला सोयीचे पडते. नजर किती अंश ढळली की फेरी गाळायची, हे मात्र पहिली व्यक्ती खुर्चीत बसण्यापूर्वीच लिहून ठेवा. निकाल पाहून ठरवलेल्या निकषावर मी स्वतः विश्वास ठेवणार नाही. शिवाय नजर रोखून धरणे हेही एक कामच आहे आणि त्याचा ताण ऐकण्यावर पडू शकतो, म्हणून त्याच चित्रांसह मोकळ्या नजरेचा एक छोटा पूर्वप्रयोग अवश्य करून पाहा.