झेडचा स्क्रू बदलायच्या आधी खालच्या एमडीएफवर पेन्सिल मारून पाहा

दादा, तुमची पोस्ट वाचली अन् मला माझा तीन वर्षांआधीचा जुलै आठवला. तुम्ही लिहिलं की सीएनसी राउटरवर (कॉम्प्युटरनं चालणारी लाकूड कोरायची मशीन) नेमप्लेटची अक्षरं एका जागी जाड अन् दुसऱ्या जागी बारीक येऊन राहिली, मे महिन्यापर्यंत हीच फाइल एकदम बरोबर निघत होती, मशीन देणारा म्हणते झेडचा बॉलस्क्रू, म्हणजे कटर (बिट) वर-खाली करणारा स्क्रू, गेला, अन् तुम्ही विचारून राहिले की स्क्रू लोकल टाकू की त्याच्याकडूनच घेऊ. माझं म्हणणं, आज कोणताच टाकू नका. आधी बेडवरचा एमडीएफ, म्हणजे माल ज्याच्यावर ठेवून कापतो तो लाकडाच्या दाबलेल्या तंतूंचा बोर्ड, पाहा.

कारण साधं आहे. तुम्ही 90 डिग्रीचा व्ही बिट (टोकाला निमुळता) वापरता, म्हणजे खोली अर्धा मिलिमीटर बदलली की रेषेची रुंदी एक मिलिमीटर बदलते. बोर्ड मधात नुसता अर्धा मिलिमीटर उचलला तरी अक्षर लठ्ठ दिसते. अन् स्क्रू खराब असता तर गडबड आज इथं, उद्या तिथं अशी झाली असती. तुमची रोज टेबलाच्या त्याच जागी होऊन राहिली, हे तुम्हीच लिहिलं आहे.

आता माझं सांगतो. माझं शेड ब्रह्मपुरीकडे, धानाच्या बांधीला लागून, वर टिना, खाली मुरूम. मशीन आठ बाय चारची. मे महिन्यात नवा 18 एमएमचा एमडीएफ आणला, बोल्ट मारून बसवला अन् वरून फेसिंग मारली, म्हणजे मशीननंच पातळ थर काढून सपाट केला. आमच्याकडे मे म्हणजे 45-46 डिग्री, शेडात बोर्ड पापडासारखा कोरडा. त्यात मी दोन मिलिमीटर एकदमच काढले, कारण वाटलं एकदा करायचं ते दणकून करावं. बोर्ड असा सपाट झाला की स्टीलची पट्टी ठेवली तर खालून उजेड दिसेना. मी खूश. सीलर (ओल अडवणारा लेप) मारला नाही, ना वरून, ना कडांना. फेकायचाच तर बोर्ड आहे, त्याला काहून पॉलिश करायची, असा विचार केला.

हीच ती चूक. एमडीएफची वरची अन् खालची साल दाबलेली, घट्ट असते, मधातला गाभा भुसभुशीत. मी वरची साल सगळी काढली अन् गाभा उघडा टाकला, खालची साल तशीच शाबूत. पाऊस लागला, बांध्यांत पाणी भरलं, शेडात दमट हवा. वरची बाजू ओल प्यायली, खालची प्यायली नाही. वरची फुगून लांब झाली अन् सरकायला जागा नाही, कारण बोल्ट मी छिद्राला एकदम टाइट घातले होते. मग बोर्ड दोन बोल्टांच्या मधात वर उचलला. डोळ्यांनी दिसत नाही बरं का, हे अर्ध्या मिलिमीटरचं काम आहे.

अन् नेमकं तेव्हाच तान्ह्या पोळ्याचं काम. विदर्भाबाहेरचे कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरं लाकडाचे नंदी सजवून मिरवतात, म्हणून त्याआधीचा महिना सुताराला श्वास घ्यायला वेळ नसते. माझ्याकडे चाळीस नंदींची ऑर्डर. नंदीच्या बाजू सागवानी फळीतून आरपार कापायच्या होत्या. एका जागी बिट खालच्या बोर्डात घुसे, दुसऱ्या जागी फळी कटतच नव्हती, कागदाएवढी साल राहे. ती चाकूनं सोडवता सोडवता पायाचे खूर तुटले. सागवान आहे बाप्पा, आमच्या भागातलं सागवान 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून गेलं, त्या लाकडाचे तुकडे मी सरपणात टाकले.

मशीन जिथून घेतली तिथं फोन केला. नाव घेत नाही, घ्यायचंही नाही. फोनवरच निदान, झेडचा स्क्रू. मी म्हटलं साहेब एकदा माणूस पाठवा. आठ दिवसांनी माणूस आला, येण्याजाण्याचे साडेचार हजार आधी जमा करून घेतले. त्यानं स्क्रू हातानं हलवून पाहिला, 'प्ले आहे' (ढिला आहे) म्हणे, नवा बसवला, त्याचे वेगळे अकरा हजार, अन् एका कोपऱ्यात झीरो (जिथून खोली मोजतात ती उंची) घेऊन दाखवला, पाहा बरोबर आहे. बोर्डाला त्यानं हातसुद्धा लावला नाही. मी विचारलं, खालचा एमडीएफ तर नसेल ना उचलला? तो म्हणते, 'बेड फॅक्टरीतून लेव्हल होऊन येते.' अहो बेड लोखंडाचा आहे, तो येत असेल लेव्हल, मी विचारून राहिलो लाकडाचं! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. फोन केला तर म्हणे आता स्पिंडलचं (बिट फिरवणाऱ्या मोटरचं) बेअरिंग पाहावं लागेल. शेतकऱ्याच्या पोरानं उसने पैसे आणून मशीन घ्यायची अन् यांनी फोनवर बसून एकेक पार्ट विकायचा, याचा मला आजही राग येते.

शेवटी माझ्या काकांनी सोडवलं. काका जुने सुतार, कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. ते म्हणाले, रंधा मारायच्या आधी आपण फळीवर पेन्सिल मारत होतो, तसं मार. मी अख्ख्या बोर्डावर पेन्सिलनं आडव्या-उभ्या रेषा ओढल्या, चार बोटांच्या अंतरानं, अन् फक्त 0.2 ची फेसिंग सोडली. मशीन जशी पुढं गेली तसं चित्र उघडं पडलं. मधातल्या रेषा साफ पुसल्या गेल्या अन् प्रत्येक बोल्टाभोवती रेषांचं एक गोल बेट तसंच राहिलं, ताटलीएवढं. बारा बोल्ट, बारा बेटं. काकांनी त्यातल्या एकावर बोट ठेवलं, मग सरकवत मधात आणलं अन् म्हणाले, पोट आलं आहे याला. पंधरा हजार गेल्यावर दोन रुपयांच्या पेन्सिलीनं सांगितलं.

तर तुम्ही पण हेच करा, अन् बेटं दिसली तर पुढचं असं. नवा बोर्ड आणला की लगेच बसवू नका, चार-पाच दिवस शेडातच आडवा ठेवा, खाली पट्ट्या देऊन, म्हणजे हवा दोन्हीकडून लागेल. मग दोन्ही बाजूंनी सारखी फेसिंग मारा, इकडून अर्धा मिलिमीटर तर तिकडूनही अर्धा. थिनर जास्त टाकून पातळ केलेला सँडिंग सीलर दोन्ही बाजूंना अन् मुख्य म्हणजे कडांना मारा, कडा तर दोन-तीनदा, कारण पाणी सगळ्यात आधी तिथून पिते. बोल्टाचं छिद्र बोल्टापेक्षा दोन मिलिमीटर मोठं ठेवा, वॉशर घाला, डोकं आठ मिलिमीटर तरी खाली बुडवा, पुढं दरवेळी फेसिंगनं बोर्ड पातळ होत जाणार आहे. शक्य असेल तर नायलॉनचे बोल्ट घ्या, चुकून बिट लागला तरी बिट वाचते. अख्खी शीट टाकायच्या ऐवजी मी आता फूट-फूट रुंदीच्या पट्ट्या टाकतो, मधात तीन मिलिमीटर फट, फुगल्या तर फटीत सरकतात अन् खराब झाली तेवढीच पट्टी बदलतो. बसवल्यावर शेवटची फेसिंग 0.3 ची, त्यावर पुन्हा सीलरचा पातळ हात. हे सगळं साध्या क्लॅम्पवाल्या बेडचं सांगतो. व्हॅक्यूम बेड (हवा ओढून माल धरणारा) असेल तर वरून-खालून सीलर मारू नका, हवा बोर्डातूनच ओढावी लागते, तिथं फक्त कडा बंद करा.

वर्षातून दोनदा फेसिंग ठरलेलीच समजा, एक पाऊस बसल्यावर अन् एक दिवाळीच्या आगेमागे कोरडं पडल्यावर. माझा 25 एमएमचा बिट आहे, दर फेरीला 10 एमएम सरक देतो अन् फीड (चालायचा वेग) मिनिटाला पाच मीटर, म्हणजे आठ बाय चारला तासभर लागते. आमच्या विजेच्या फीडरवर हा तास मिळणं कठीण, मधात लाइन गेली की तिथं पायरी पडते, म्हणून अर्धा-अर्धा बोर्ड दोन फाइलींत करतो अन् झीरो दरवेळी होमिंग करूनच (मशीन मूळ जागी नेऊनच) घेतो.

फेसिंगनंतर बोट फिरवा. पट्ट्यापट्ट्यानं सारखी बारीक पायरी लागत असेल तर स्पिंडल तिरपा आहे, तो एमडीएफचा दोष नाही, ते स्पिंडलच्या प्लेटमागं शिम (पातळ पत्रा) घालून काढावं लागते. त्यात मी फार हुशार नाही, कोणी जाणकार असेल तर लिहा. अन् स्क्रू खरंच खराब असूही शकते, मी तुमची मशीन पाहिली नाही, माझ्या भरवशावर कोणाशी भांडू नका.

फेसिंग करताना मास्क लावा, तोंडाला गमछा बांधून भागत नाही. एमडीएफचा भुरका पिठाहून बारीक असते अन् त्यात गोंदाचं रसायन असते. मी पहिल्या वर्षी गमछ्यावर काढलं, महिनाभर खोकत होतो.

पेन्सिल मारून 0.2 ची फेसिंग सोडा अन् अर्ध्यात थांबवून वरून एक फोटो टाका, बोल्ट कुठं कुठं आहेत ते खुणा करून. स्क्रूचे पैसे तोवर देऊ नका.