यू टू हा आयरिश बँड इतकी वर्षं न फुटता कसा टिकला? आणि ऐकायला सुरुवात कुठून करू?

दोन प्रश्न आहेत, आणि दुसऱ्याचं उत्तर शेवटी देतो. पहिल्याचं माझं उत्तर जरा रुक्ष वाटेल: पैशाची वाटणी.

बँड सुरांवरून फुटल्याचं सांगितलं जातं, पण आत डोकावलं की बहुतेकदा वाटणीच सापडते. गाणं ज्याच्या नावावर, त्याच्याकडे रॉयल्टी जाते. दहा वर्षांत गाणी लिहिणाऱ्याचा बंगला होतो, ड्रमर भाड्याच्या घरात राहतो, आणि मग वडिलोपार्जित जमिनीवरून व्हावी तशी भाऊबंदकी सुरू होते. यू टूचा तेव्हाचा मॅनेजर पॉल मॅक्गिनस याने पोरांना सुरुवातीलाच सांगितलं की सगळं सारखं वाटून घ्या. म्हणून त्यांच्या अल्बमांवर संगीतकार म्हणून बहुधा एकट्या कुणाचं नाव नसतं, 'यू टू' एवढंच असतं. शब्द मुख्यतः गायक बोनोचे, पण गाण्यांचा पैसा चौघांत समान. हे ठरलं तेव्हा वाटून घ्यायला फारसं काही नव्हतं. खोऱ्याने पैसा आल्यावर विषय निघाला असता तर ठरलं नसतं, असं मला वाटतं.

आता मुळापासून. सप्टेंबर १९७६, डब्लिनमधली माउंट टेम्पल शाळा. ड्रम वाजवणाऱ्या चौदा वर्षांच्या लॅरी म्युलनने फलकावर चिठ्ठी लावली की बँड काढायचा आहे, मुलं हवीत. आर्टेन भागातल्या त्याच्या घरी, स्वयंपाकघरात सगळे जमले. पॉल ह्यूसन (पुढे बोनो), डेव्ह इव्हान्स (पुढे गिटारवादक एज), त्याचा थोरला भाऊ डिक, आणि अ‍ॅडम क्लेटन. अ‍ॅडमला बास फारसा वाजवता येत नव्हता, पण त्याच्याकडे बास गिटार होती आणि तो बोलायचा अस्सल संगीतकारासारखा. आधी 'फीडबॅक', मग 'द हाइप' आणि १९७८ मध्ये डिक बाहेर पडला त्या सुमारास 'यू टू' हे नाव आलं. त्याच वर्षी सेंट पॅट्रिक दिनाला लिमरिक शहरातली बँडची स्पर्धा जिंकली. बक्षीस पाचशे पौंड आणि डेमो रेकॉर्ड करायची संधी.

या चौघांना 'आयरिश' म्हणताना एक गंमत लक्षात घ्या. एज आणि अ‍ॅडम यांचा जन्म इंग्लंडचा. बोनोचे वडील कॅथलिक, आई प्रोटेस्टंट. त्या काळच्या आयर्लंडमध्ये कोणती शाळा हे बहुतेकदा धर्मपंथावर ठरायचं. माउंट टेम्पल त्याला अपवाद होती, म्हणून ही मुलं एका शाळेत तरी आली. बोनोची आई तो चौदा वर्षांचा असताना अचानक गेली, लॅरीची अपघातात. १९८० चा पहिला अल्बम 'बॉय' ऐकताना हे माहीत असलेलं बरं.

१९८१ मध्ये बँड जवळजवळ संपला होता, आणि कारण दारू किंवा भांडण नव्हतं. अ‍ॅडम सोडून तिघे एका ख्रिस्ती प्रार्थनागटात होते. देवाची सेवा आणि रॉक एकत्र जमतं का, हा प्रश्न त्यांना खरंच छळत होता. दौरा सोडायची भाषा झाली तेव्हा मॅक्गिनसने त्यांना केलेल्या करारांची आठवण करून दिली. पोरं दौऱ्यावर गेली.

१९८३ च्या 'वॉर'ने त्यांना ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेलं. त्यातलं 'संडे ब्लडी संडे' हे ३० जानेवारी १९७२ ला उत्तर आयर्लंडमधल्या डेरीमध्ये ब्रिटिश सैनिकांनी मोर्चातल्या निःशस्त्र लोकांवर केलेल्या गोळीबाराची आठवण घेऊन येतं. पण गाणं कुणाची बाजू घेऊन शस्त्र उचलायला सांगत नाही, आणि बोनो मंचावरून 'हे बंडाचं गाणं नाही' असं बजावून सांगायचा. तेव्हाच्या आयर्लंडमध्ये हे बोलणं सोपं नव्हतं. १९८७ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या एनिस्किलनला आयआरए या सशस्त्र संघटनेचा बॉम्ब फुटला, त्याच दिवशी अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये हे गाणं गाताना बोनोने अमेरिकेत बसून क्रांतीचे गोडवे गाणाऱ्यांना शिवी हासडली. त्याची चित्रफीत आजही अंगावर येते.

'वॉर'नंतर त्यांनी जे केलं ते रेकॉर्ड कंपनीला आवडलं नव्हतं. जमलेला सूर सोडून ते ब्रायन इनो आणि डॅनियल लानवा या निर्मात्यांकडे गेले आणि स्लेनच्या किल्ल्यात 'द अनफर्गेटेबल फायर' (१९८४) रेकॉर्ड करू लागले. एजच्या गिटारला त्यात मोकळं रान मिळालं. तो सूर फार थोडे वाजवतो. प्रत्येक सुराचा प्रतिध्वनी डिले नावाचं उपकरण परत फेकतं आणि तो त्या प्रतिध्वनींच्या मधल्या जागा भरतो. वेगाने बोटं फिरवणाऱ्या गिटारवाल्यांच्या काळात हा माणूस जवळजवळ कंजूष होता.

१३ जुलै १९८५, लंडनचं वेम्बली, दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीचा 'लाइव्ह एड' कार्यक्रम. 'बॅड' गाताना बोनो मंचावरून खाली उतरला आणि गर्दीतल्या एका मुलीबरोबर नाचला. गाणं सुमारे बारा मिनिटं लांबलं, त्यामुळे ठरलेलं तिसरं गाणं, म्हणजे त्यांचं सगळ्यात गाजलेलं 'प्राइड', राहूनच गेलं. बाकीचे तिघे भडकले होते, सत्यानाश झाला असं सगळ्यांनाच वाटलं. जगाने मात्र नेमकं तेच लक्षात ठेवलं. मार्च १९८७ मध्ये 'द जोशुआ ट्री' आला, अमेरिकेत दोन गाणी पहिल्या क्रमांकावर गेली, वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं.

आणि लगेच डोक्यात हवा गेली. १९८८ च्या 'रॅटल अँड हम'मध्ये ते अमेरिकन ब्लूजच्या थोरांच्या रांगेत स्वतःच जाऊन उभे राहिल्यासारखे दिसतात. समीक्षकांनी धुतलं, आणि माझ्या मते बरोबर धुतलं. १९८९ च्या शेवटी डब्लिनच्या मंचावर बोनोने जाहीर केलं की आता दूर जाऊन सगळं पुन्हा नव्याने स्वप्नात आणावं लागेल.

माझ्यासाठी या बँडची खरी गोष्ट इथे सुरू होते. ऑक्टोबर १९९० मध्ये ते बर्लिनला गेले, जर्मनी एक होत होता त्याच दिवसांत, आणि पूर्वी भिंतीला लागून असलेल्या हान्सा स्टुडिओत बसले. बोनो आणि एजला यंत्रांचे ताल, नाचाचं संगीत हवं होतं. लॅरीला प्रश्न पडला की ड्रम मशीन आल्यावर माझं इथे काम काय? अ‍ॅडमही त्याच्या बाजूने. एजचा संसार त्याच सुमारास मोडला होता. आठवडे गेले, हाती काही लागेना, बँड मोडायच्या गोष्टी सुरू झाल्या. मग एका गाण्याच्या मधल्या तुकड्यासाठी एज दोन वेगवेगळ्या कॉर्डमालिका वाजवून बघत होता, तेव्हा लानवा म्हणाला, दोन्ही एकामागोमाग वाजव. त्यातून 'वन' निघालं. लोक ते लग्नात वाजवतात, पण ते एकत्र राहणं किती कठीण असतं याबद्दलचं कडवट गाणं आहे. 'आख्टुंग बेबी' पुढे डब्लिनमध्ये पूर्ण झाला आणि नोव्हेंबर १९९१ मध्ये आला.

त्याच्या 'झू टीव्ही' दौऱ्यात मंचावर टीव्हीच्या भिंती होत्या, दिव्यांसाठी पूर्व जर्मनीच्या ट्राबांट गाड्या लटकत होत्या. १९९३ मध्ये बोस्नियाच्या युद्धात वेढ्यात अडकलेल्या सारायेव्होतल्या लोकांशी त्यांनी उपग्रहाद्वारे थेट बोलणं सुरू केलं. दुःखाचा तमाशा केला अशी टीका झाली आणि ते थांबवावं लागलं. टीकेत तथ्य होतं. पण युद्ध संपल्यावर, सप्टेंबर १९९७ मध्ये, ते सारायेव्होत जाऊन गायलेही. त्या रात्री बोनोचा घसा बसला आणि गाणी लोकांनीच उचलून धरली.

त्याच वर्षीचा 'पॉप' मात्र फसला. दौऱ्याच्या तारखा आधी ठरल्या, अल्बम घाईत उरकला. दौऱ्यात चौघे एका अवाढव्य यांत्रिक लिंबातून प्रकट होत असत. ऑस्लोमध्ये ते लिंबू अडकलं आणि मंडळींना मागच्या बाजूने उतरावं लागलं.

२००० नंतरचं भराभर सांगतो, कारण तिथे माझा उत्साह कमी आहे. 'ब्यूटिफुल डे'ने ते पुन्हा वर आले, २००५ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेले, ग्रॅमींची संख्या २२ झाली. २००९ ते २०११ च्या '३६०°' दौऱ्याची ७० लाखांहून जास्त तिकिटं खपली. २०१४ मध्ये नवा अल्बम न विचारता कोट्यवधी लोकांच्या आयट्यून्स खात्यात टाकला गेला आणि लोक इतके वैतागले की अ‍ॅपलला तो काढून टाकायची खास सोय द्यावी लागली. पैशाचा विषय काढलाच आहे तर हेही सांगायला हवं: २००६ मध्ये त्यांनी गाण्यांच्या हक्कांचा व्यवसाय करासाठी नेदरलँड्सला हलवला. गरीब देशांच्या कर्जमाफीसाठी नेत्यांच्या मागे लागणाऱ्या बोनोला त्याबद्दल आयर्लंडमध्ये आजही ऐकून घ्यावं लागतं.

भारतात ते पहिल्यांदा आले १५ डिसेंबर २०१९ ला, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये. 'जोशुआ ट्री' पूर्ण वाजवला, ए. आर. रहमानही मंचावर आले. बत्तीस वर्षं जुना अल्बम ऐकायला एवढी गर्दी लोटते यात बँडचं यशही दिसतं आणि त्याची अडचणही. २०२३-२४ मध्ये लास व्हेगासच्या 'स्फिअर' या सभागृहात ४० कार्यक्रम झाले तेव्हा लॅरी शस्त्रक्रियेमुळे नव्हता. ड्रमवर ब्राम फान डेन बर्ग हा डच वादक बसला होता.

आता ऐकायचं कुठून? 'जोशुआ ट्री'ची पहिली तीन गाणी. आवडली तर पुढे 'आख्टुंग बेबी' पूर्ण, मग मागे येऊन 'बॉय'. नाही आवडली तर थेट 'आख्टुंग बेबी', कारण तो जणू दुसऱ्याच बँडचा आहे. 'पॉप' मात्र सगळ्यात शेवटी, कधीतरी. आणि 'व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम' लावलंत की पहिली पावणेदोन मिनिटं बोनो गातच नाही, तेव्हा पुढे ढकलू नका. एज काय करतो ते कळायला तेवढा वेळ लागतोच.