युवा गटातली मुलं सेवेला एकदा येतात आणि मग गळतात. देवाचं प्रेम कृतीत उतरवायला त्यांना कसं प्रवृत्त करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या भाविक समुदायाच्या, युवा गटात १६ ते २२ वयाची वीसेक मुलंमुली आहेत. देवाच्या प्रेमावर प्रवचन झालं की माना डोलावतात. सेवेच्या उपक्रमाला पहिल्यांदा सगळी येतात, दुसऱ्यांदा निम्मी, तिसऱ्यांदा चारजण. यांना प्रोत्साहन कसं द्यायचं?

माझ्या मते प्रोत्साहन कमी पडत नाहीये, उलट जरा जास्तच झालंय. कमी पडतोय तो माणूस. ‘गरिबांची सेवा करा’ या वाक्यात कोण, कधी, किती वेळ यांपैकी काहीच नाही, त्यामुळे चांगल्या मनाचं पोरही त्यातून निसटतं. म्हणून उपक्रम बाजूला ठेवा आणि एवढंच करा: दोघांची जोडी, एक ठरलेलं घर, आठवड्यातून एक तास, सलग बारा आठवडे.

हे मी नवीन काही सांगत नाहीये. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याचे काही विद्यार्थीमित्र वादसभेत ख्रिस्ती श्रद्धेची बाजू मांडत, तेव्हा समोरून सवाल आला: ‘ते जाऊ दे, आज तुम्ही गरिबांसाठी काय करता?’ २३ एप्रिलला त्यांची पहिली बैठक झाली. त्या दिवशी ओझानाम वीस वर्षांचा झाला. पण ही मुलं थेट वस्तीत घुसली नाहीत. गरीब वस्तीत वर्षानुवर्षं काम केलेल्या सिस्टर रोझाली रांद्यू यांच्याकडे गेली. कोणत्या घरी जायचं, तिथे कसं वागायचं, हे त्यांनी दाखवलं. संत व्हिन्सेंट दि पॉल सोसायटी उभी राहिली ती अशी, घरोघरच्या भेटींतून. तुमच्या गटालाही आधी अशी एक सिस्टर रोझाली शोधा. आजाऱ्यांना घरी ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर) नेऊन देणारी मंडळी बहुतेक धर्मग्रामांत असतात. कोण एकटं आहे, कोणाला माणसं आलेली आवडतात, कोणाला मुळीच नकोत, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं.

पण भेटींच्या आधी एक पायरी आहे आणि बहुतेक गट ती गाळतात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुवायला वाकतो तेव्हा त्याचा शिष्य पेत्र काय म्हणतो? ‘माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत.’ आपली सेवा कोणी करावी हे त्याला जड जातं. मुलांचंही तेच. त्यांना वाटतं, देवाला आवडायचं तर काहीतरी करून दाखवलं पाहिजे. त्या धाकाने केलेली सेवा दोन-तीन आठवडे पुरते, मग थकवा येतो किंवा अहंकार. योहानाच्या पहिल्या पत्रातला क्रम उलटा आहे: त्याने आधी प्रीती केली, म्हणून आपण करतो.

हे समजावून सांगू नका, करून घ्या. पहिल्या भेटीच्या आधीच्या आठवड्यात दोन तासांची एक संध्याकाळ ठेवा. योहान १३:१ ते १५ सावकाश वाचा, मग वीस मिनिटं शांतता. प्रत्येकाला कागद द्या आणि ज्यांनी हिशोब न ठेवता आपलं केलं अशा पाच माणसांची नावं लिहायला सांगा. ताप आला तेव्हा रात्री उशाशी कोण बसलं होतं? शाळेत पोचवायला रोज कोण येत असे? कागद वाचून दाखवायचा नाही, कोणी मागायचाही नाही. प्रायश्चित्त संस्कारासाठी (पापांची कबुली देऊन क्षमा मागण्यासाठी) फादर उपलब्ध असावेत, पण रांग लावून कोणाला आत ढकलू नये. एवढं झालं की प्रवचनाची गरज बरीच कमी होते.

आता घरं. वीसजण आहेत म्हणून दहा घरं घेऊ नका. तीन जोड्यांनी सुरुवात करा. उरलेल्यांना थोडं थांबू द्या. ताटकळलेलं माणूस ओढून आणलेल्यापेक्षा बरं टिकतं. घर चालत पंधरा मिनिटांच्या आत असावं. जायला-यायला दीड तास लागणारी सेवा पहिल्या परीक्षेलाच बंद पडते. आणि त्या घराला आधी विचारा. ‘आम्ही येऊ का?’ या प्रश्नाला ‘नको’ म्हणायची मोकळीक असली पाहिजे, नाहीतर आपण त्यांच्यावर सेवा लादतो.

काम एकाच साच्याचं नसावं. चर्चची परंपरा दयेची सात शारीरिक आणि सात आध्यात्मिक कृत्यं सांगते. शारीरिक सातांपैकी सहा मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातली: भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, बंदिवानाची भेट. सातवं, मृतांना मूठमाती देणं, बायबलच्या जुन्या करारातल्या तोबितच्या पुस्तकाच्या आधाराने जोडलं गेलं. आध्यात्मिक यादीत शिकवणं, सांत्वन करणं, त्रासदायक माणसाला धीराने सोसणं हेही येतं. बुजऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी इस्पितळात उभं करू नका. तो एखाद्या लहान मुलाला आठवड्यातून एकदा गणित उत्तम शिकवेल. बडबड्या मुलीला एकट्या आजींकडे पाठवा. एक काम मात्र हमखास विसरलं जातं. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असतं, पण खरी दमलेली असते त्यांची शुश्रूषा करणारी सून किंवा मुलगी. ती तासभर बाहेर जाऊन येईल एवढा वेळ घर सांभाळणं ही मोठी सेवा आहे. फक्त ते पहिल्या महिन्यात करू नये. आधी ओळख होऊ द्या, आणि तिचा फोन नंबर जवळ असू द्या.

भेट कशी घ्यायची हे मुलांना कोणी शिकवत नाही, आणि गोंधळ नेमका तिथे होतो. दार वाजवा, थांबा, ‘आत येऊ का?’ विचारा. फोन खिशात, आवाज बंद. आजाऱ्याच्या पलंगावर बसायचं नाही. खुर्ची किंवा स्टूल ओढून त्यांच्या नजरेच्या उंचीवर बसा. उभं राहून बोललं की माणसाला तपासणीला आल्यासारखं वाटतं. ‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाचं उत्तर ‘बरंय’ एवढंच येतं आणि गप्पा तिथेच संपतात. त्याऐवजी खोलीत जे दिसतं त्यावर बोला: ‘हा फोटो कुठला?’ ‘हे विणकाम तुमचं का?’ तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली तर तिसऱ्यांदा ऐका. मध्ये शांतता पडली तर ती भरून काढायची घाई नको. पाणी मागितलं तर घरच्यांना विचारून द्या, कारण काहींना गिळताना ठसका लागतो. त्यांना एकट्याने उचलायचं किंवा उठवायचं नाही, औषध द्यायचं नाही, पैसे घ्यायचे नाहीत आणि द्यायचेही नाहीत. पहिली भेट अर्ध्या तासात आटपा. माणूस दमायच्या आत उठलेलं बरं. प्रार्थना करायची तर विचारून, आणि छोटी. निघताना पुढचा वार आणि वेळ सांगा, आणि मग काहीही झालं तरी त्या वेळी जा. यायला जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा. एकट्या माणसाने दुपारपासून दाराकडे डोळे लावायचे आणि कोणी फिरकायचंच नाही, यापेक्षा न गेलेलं बरं.

ज्या घरी जातो ते ख्रिस्ती नसेल तर? जरूर जा. पण सेवेचं आमिष दाखवून धर्माचा प्रचार करायचा नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या ‘देऊस कारितास एस्त’ या परिपत्रकात हे स्पष्टच लिहिलंय: प्रेम फुकट असतं, दुसरं काही साधायचं साधन म्हणून ते वापरायचं नाही. देवाबद्दल कधी बोलायचं आणि कधी गप्प राहून प्रेमालाच बोलू द्यायचं, हे ख्रिस्ती माणसाला कळलं पाहिजे, असंही ते म्हणतात. त्यांनी विचारलं तर मोकळेपणाने सांगा, एवढंच.

दर पंधरा दिवसांनी सगळ्या जोड्यांनी एकत्र बसायचं. ही बैठक गाळली तर उरतं निव्वळ समाजकार्य. तेही चांगलंच, पण तुम्ही विचारलंय ते वेगळं. पंचेचाळीस मिनिटं पुरतात. पाच मिनिटं शांतता, दहा मिनिटं शुभवर्तमान, पंचवीस मिनिटं बोलणं, पाच मिनिटं प्रार्थना. बोलण्यासाठी जोसेफ कार्डाइन या बेल्जियमच्या धर्मगुरूंची पद्धत घ्या. त्यांनी तरुण कामगारांसाठी ती रुजवली आणि १९६१ साली पोप जॉन तेविसावे यांनी आपल्या परिपत्रकात तिची शिफारस केली: पाहा, पारखा, कृती करा. काय पाहिलं? येशूच्या नजरेतून त्याकडे कसं पाहायचं? येत्या भेटीत कोणती एक गोष्ट वेगळी करणार? मुलं पहिल्या प्रश्नावरून थेट तिसऱ्यावर उडी मारतात, तिथे त्यांना अडवा. आणि दुसऱ्या प्रश्नावर तुम्ही स्वतः बोलू नका. मोठ्यांनी उत्तर दिलं की बाकीचे गप्प बसतात.

वाचनासाठी लूक १०:३३ ते ३५ पहिल्याच बैठकीत घ्या, आणि मुलांना फक्त क्रियापदं मोजायला सांगा. येशूच्या दृष्टान्तातला परका शोमरोनी माणूस वाटेत जखमी पडलेल्याच्या जवळ गेला, तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी दोन दिनार काढून दिले, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, आणि परत येईन म्हणाला. एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते: तो पुढे निघून गेला. सगळं त्याने एकट्याने केलं नाही, काम उतारशाळेच्या माणसावर सोपवलं. गटातल्या ज्या दोन-तीन मुलांना सगळं आपणच करायचं असतं आणि जी सहा महिन्यांत करपून जातात, त्यांच्यासाठी हे वाक्य आहे.

कुठे बिघडतं तेही सांगतो. फोटो. भेटीच्या घरांत एकही फोटो काढायचा नाही, हा नियम पहिल्या दिवशीच करा. नंतर केला तर कोणावर तरी ठपका ठेवल्यासारखा होतो. तासांची नोंद आणि प्रमाणपत्र. त्यासाठी आलेला मुलगा प्रमाणपत्र मिळालं की जातो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. चहाड्या: ‘त्यांच्या घरात तर असं आहे’ हे एकदा गावभर झालं की ते दार बंद. नको त्या आश्वासनांचंही तसंच, ‘आम्ही तुमच्यासाठी काहीतरी करू’ असं कोणी म्हणायचं नाही. आणि श्रद्धेची परीक्षा. जो म्हणतो ‘माझा देवावर फारसा विश्वास नाही, पण भेटीला येईन’, त्याला आधी घ्या.

सुरक्षिततेत मात्र तडजोड नाही. अठराच्या आतल्या मुलांच्या आईवडिलांची लेखी परवानगी हवी आणि त्यांच्या जोडीत एक जबाबदार प्रौढ हवा. लहान मुलाला शिकवायचं तर दार उघडं आणि घरातलं मोठं माणूस जवळपास. मोठ्यांनी मुलांशी खासगी निरोपानिरोपी न करता गटावरच लिहावं. कोणी मारहाण किंवा अत्याचाराबद्दल बोललं तर ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन मुलांनी द्यायचं नाही. त्याच दिवशी ठरलेल्या जबाबदार व्यक्तीला सांगायचं. ती व्यक्ती कोण, हे पहिल्या भेटीआधी ठरलेलं असावं.

आदर्श म्हणून कोणाला दाखवायचं असेल तर पिएर जॉर्जो फ्रासाती दाखवा. २०२५ च्या ७ सप्टेंबरला कार्लो अकुतिसबरोबर तो संत घोषित झाला. तूरिनमधल्या वृत्तपत्रमालकाचा मुलगा, डोंगर चढायचा, मित्रांची टिंगल करायचा, आणि संत व्हिन्सेंट सोसायटीतर्फे गरिबांच्या घरी जायचा. १९२५ च्या जुलैत पोलिओने चोवीसाव्या वर्षी गेला. जाण्याच्या आदल्या दिवशी लुळ्या पडत चाललेल्या हाताने त्याने मित्राला चिठ्ठी लिहिली. तिच्यात उपदेश नाही. एका आजाऱ्याची इंजेक्शनं पोचवायची आहेत आणि दुसऱ्या एकाची गहाणवटीची पावती माझ्या खर्चाने नवी करायची आहे, एवढंच.

बारा आठवडे म्हटलं ते मुद्दाम. ‘कायमचं’ म्हटलं की मुलं घाबरतात आणि मध्येच गायब होतात. बारा म्हटलं की सन्मानाने थांबता येतं आणि पुन्हा बारा घेताही येतात. त्या घरालाही पहिल्याच दिवशी हे सांगा. थांबणार असाल तर अकराव्या आठवड्यात नवी जोडी सोबत न्या, ओळख करून द्या, बाराव्या भेटीत नव्यांना बोलू द्या. सोबत एक छोटी वही द्या. तिच्यात आजार आणि घरची भांडणं लिहायची नाहीत. ‘उजव्या कानाने ऐकू येत नाही, डावीकडे बसा’, ‘चारच्या आधी जाऊ नका, झोपलेल्या असतात’, ‘भावाचा विषय काढू नका’, इतकंच.