अकारविल्हे तक्त्यात ‘क्षमता’ कुठे शोधायची?

प्रश्न असा आहे : सॉफ्टवेअरच्या मराठी माहितीपुस्तिकेतला आज्ञांचा तक्ता ‘अकारविल्हे’ लावला आहे असं लिहावं की ‘वर्णानुक्रमे’?

दोन्ही बरोबर. ‘अकारविल्हे’ मला जास्त आवडतो, पण त्यातला ‘विल्हे’ आता ‘विल्हेवाट’पुरताच कानावर येतो. तरुण वाचकाला ‘वर्णानुक्रमे’ चटकन कळेल, तेव्हा तो खुशाल वापरा. मात्र हा शब्द लिहिलात की क्रम खरोखर आपल्या वर्णमालेचा हवा. बरेच तक्ते नेमके इथेच फसतात.

युनिकोड म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत. तिच्यातल्या जागेप्रमाणे नुसता क्रम लावला, तर ‘क्षमता’ क मध्ये जाते, तीही ‘क्रम’च्या मागे. शाळेत आपण क्ष, ज्ञ शिकलो ते ह आणि ळ यांच्यानंतर. युनिकोडमध्ये मात्र ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसतो, म्हणून ‘ओळ’ ‘ओव्हरराइट’च्या आधी येते. सगळ्यात हाल ‘ॲप’चे. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं आणि त्याला जागा मिळाली देवनागरी अंकांच्याही पुढे. वाचक अ मध्ये शोधतो आणि ‘ॲप’ तक्त्याच्या तळाशी पडलेलं असतं.

लिबरऑफिस कॅल्क या तक्ते करायच्या सॉफ्टवेअरमध्ये क्रम लावताना पर्यायांत भाषा निवडता येते. तिथे मराठी निवडा आणि नंतर क्ष, ज्ञ, ॲ, ळ यांच्या नोंदी स्वतः डोळ्यांखालून घाला. हिंदी कोशांत क्ष क मध्येच असतो, तेव्हा तक्त्याच्या डोक्यावर ‘क्ष, ज्ञ शेवटी’ एवढं लिहून टाकलं तर कुणाची चुकामूक होणार नाही.

याहून महत्त्वाचं म्हणजे नोंदीचा पहिला शब्द. इंग्रजी तक्त्यांत ‘घाला’, ‘काढा’ ही क्रियापदं आधी येतात आणि निम्मा तक्ता एकाच अक्षराखाली गोळा होतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, ही आपली मोठी सोय आहे. ती वाया घालवू नये. कॅल्कमध्ये आजची तारीख घालायला कंट्रोल आणि अर्धविराम दाबतात. ही नोंद ‘आजची तारीख घाला’ अशी केली तर ती आ खाली जाईल. ‘तारीख (आजची) घाला’ असं लिहा. शोधणाऱ्याच्या मनात ‘तारीख’च असते, तो थेट त वर जाईल.