झुडपी जंगल: झुडपं आहेत म्हणूनच ते जंगल

समुद्रपूरकडच्या एका ताईनं विचारलंय. तलाठी भरतीचा अभ्यास चालू आहे, एका पुस्तकात 'झुडपी जंगल' छापलंय, दुसऱ्यात 'झुडुपी जंगल', तर बरोबर कोणतं, आणि नुसती झुडपंच असतील तर त्याला जंगल काहून म्हणायचं.

पहिल्याचं उत्तर एका ओळीचं. लाकूड-लाकडी, तसं झुडूप-झुडपी. झालं.

दुसरा प्रश्न मात्र माझ्या दुखऱ्या नसेवरचा आहे, कारण हेच वाक्य मी आमच्या वर्धा जिल्ह्यात ग्रामसभेत, एसटीत, पानठेल्यावर वीस वर्षं ऐकतोय: "जंगल कुठं हाय थे, निरे झुडपं हायेत." शिकलेले लोक पण हेच बोलतात, फक्त प्रमाण भाषेत. जंगल म्हणजे दाट, अंधारं, वाघाचं, आणि बाकी सगळं पडीक. अरे बाबांनो, उलटं आहे हे, पूर्ण उलटं!

जंगल हा शब्द आला संस्कृत 'जांगल' वरून, आणि जांगल म्हणजे कोरडा, उघडा, कमी पाण्याचा मुलूख. आयुर्वेदात जमिनीचे तीन प्रकार, जांगल, आनूप आणि साधारण. आनूप म्हणजे पाणथळ, दाट, दमट. म्हणजे आज आपण ज्याला जंगल जंगल म्हणून फोटो काढतो ते चरकाच्या हिशोबात बरंचसं आनूपाकडे झुकतं, आणि ज्याला पडीक म्हणतो ते खरं जांगल. चरकसंहितेच्या कल्पस्थानात पहिल्याच अध्यायात जांगल देशाचं वर्णन आहे आणि त्याचा पहिला शब्द आहे 'पर्याकाशभूयिष्ठ', म्हणजे जिथं चहूकडे आभाळच आभाळ दिसतं. पुढं म्हणतो की वारा कोरडा आणि जोराचा, कोवळ्या फांद्या त्यात नाचतात, मृगजळ दिसतं, पायाखाली खरखरीत वाळू न खडे, आणि जमिनीवर लावा, तितर, चकोर फिरतात. मे महिन्यात दुपारी आमच्या बरडावर उभं राहून हे वाचा, चरक इथंच कुठं बसून लिहीत होता असं वाटंल. कोणी म्हणेल त्याच वर्णनात 'वनगहन', म्हणजे झाडांनी दाट, हा पण शब्द आहे. आहे ना, मी कुठं नाही म्हणतो, झाडं त्यानंही मोजलीत, पण सुरुवात त्यानं आभाळापासून केली हे विसरू नका.

अजून पुरावा पाहिजे? बिकानेरच्या राजांची पदवी 'जंगलधर बादशाह', त्या भागाचं जुनं नाव जांगलदेश, आणि तिथं आहे वाळवंट. हिंदीत 'जंगल जाना' म्हणजे सकाळी लोटा घेऊन गावाबाहेर जाणं, त्यासाठी कोणी सागवानाच्या गर्दीत जात नव्हतं, गावाशेजारच्या झुडपात जायचे. १८८६ चा हॉब्सन-जॉब्सन कोश काढून बघा, तो साहेबांचा कोश असून साफ सांगतो की देशी शब्दाचा काटेकोर अर्थ फक्त न वहितलेली जमीन, दाट अरण्याचा अर्थ नंतर साहेबलोकांच्या तोंडी चिकटला. म्हणजे आपला शब्द त्यांनी नेला, फुगवला, आणि आपण तो फुगवलेला परत घेऊन आपल्याच बरडाला 'हे जंगल नाही' म्हणायला लागलो. आणि जंगल हा शब्द मूळ फारशी आहे असं छातीठोक सांगणारे जे आहेत ना, त्यांना माझं एवढंच सांगणं, फारशीनं तो इथूनच उचललाय, व्युत्पत्ती सांगण्याआधी जरा पानं उलटत जा.

आपल्या महसूल दप्तराला हे कळत होतं. जुन्या मध्यप्रांताच्या कागदांत 'मोठ्या झाडाचे जंगल' वेगळं आणि 'झुडपी जंगल' वेगळं, तिकडं छत्तीसगडात अजूनही 'बडे झाड का जंगल' आणि 'छोटे झाड का जंगल' चालतं. दोन्ही जंगलच. 'झुडपी' हे कमीपणाचं विशेषण नाही, जात सांगणारं आहे, जसं हिवरी न् बाभळी. म्हणून मला 'अवनत वन', म्हणजे खालावलेलं वन, या सरकारी शब्दाचा राग आहे. ते अवनत झालेलं नाही, ते तसंच असतं.

शब्दाचा अर्थ कोर्टापर्यंत गेला हे पण सांगतो. १२ डिसेंबर १९९६ ला जंगलतोडीवरच्या गोदावर्मन प्रकरणात सुप्रीम कोर्ट म्हणालं की वन हा शब्द त्याच्या शब्दकोशातल्या अर्थानं घ्यायचा. शब्दकोशातल्या! आणि २२ मे २०२५ ला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, आपले अमरावतीचे, यांच्या पीठानं त्याच आदेशाच्या आधारे पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांचं झुडपी जंगल, ८६ हजार हेक्टरच्या वर, हे वनच आहे असं ठरवलं. ताई, परीक्षेला हे नक्की येईल.

पडीक म्हटलं की काय होतं ते डोळ्यानं पाह्यलंय. आमच्या गावाबाहेरच्या झुडपात एका खात्यानं पावसाच्या तोंडावर झाडं लावायची म्हणून जेसीबी घातला, तरवड, बोर, कुसळी गवत सगळं खरडून ओळीनं खड्डे. मी आदल्या दिवशी तिथं तरवडाच्या बुडाशी तितराचं घरटं पाह्यलं होतं. घरटं कसलं, वाटीएवढा उकरलेला खळगा, दोन काड्या, आणि सहा अंडी, दुधावरच्या सायीच्या रंगाची. दुसऱ्या दिवशी तिथं खड्डा नंबर टाकलेली खुंटी होती. झाडं लावून जंगल वाढवलं म्हणे. तितर जमिनीवर अंडी घालतं, लांडग्याला अशीच उघडी जागा लागते, अकोला-वाशिमकडं तणमोर हा माळावरचा पक्षी गवतातून उड्या मारून मादीला बोलावतो, त्या गवतावर सावली पडली की गवत मरतं न् तो जातो. नागझिरा, बोर, ताडोबा यांच्या मधल्या झुडपी तुकड्यांतूनही वाघ इकडून तिकडं जातो, हे पण ध्यानात ठेवा.

आता माझा लाडका भाग. चरकाच्या त्या यादीतली झाडं बघा: खदिर म्हणजे खैर, धव म्हणजे धावडा, शल्लकी म्हणजे सालई, बदरी म्हणजे बोर, तिंदुक म्हणजे आपलं टेंभरून, आमलकी म्हणजे आवळा. दोन हजार वर्षं झाली, शब्द घासले, झाडं तीच. आणि तिनिश म्हणजे तिवस, ज्याच्या चिवट लाकडाची औतं न बंडीची चाकं करायचे. अमरकोशात तिनिशाची दुसरी नावं आहेत नेमी आणि रथद्रु, नेमी म्हणजे चाकाची धाव, रथद्रु म्हणजे रथाचं झाड. अमरावती जिल्ह्यातलं तिवसा हे गाव याच झाडावरनं, हे माझं ठाम मत आहे. एका निवृत्त मास्तरांना ते मान्य नाही, ते म्हणतात पुरावा दाखव. मास्तर, पिंपळगाव पिंपळावरनं, वडगाव वडावरनं, बोरगाव बोरीवरनं चालतं, मग तिवसा तिवसावरनं काहून नाही? तुम्ही दुसरी व्युत्पत्ती आणा, मी वाचायला तयार आहे.