सिम्युलिंकमध्ये (मॅटलॅबचं सिम्युलेशन सॉफ्टवेअर) डीसी मोटरचा पीआयडी (मोटरचा स्पीड ठरलेल्या आकड्यावर ठेवणारा कंट्रोलर) मस्त चालतो, पण खऱ्या मोटरवर टाकला की मोटर थरथरते आणि ओव्हरशूट होते, म्हणजे ठरलेल्या स्पीडच्या पुढे जाते. मॉडेल चुकलंय की पीआयडी?

मॉडेल चुकलेलं नाही, अर्धवट आहे. तुम्ही दिलेले आकडे आधी एकत्र लिहून काढतो म्हणजे बाकीच्यांनाही समजेल: १२ व्होल्टची गिअर मोटर, एल२९८एन ड्रायव्हर (मोटरला व्होल्टेज देणारी चिप), अर्डुइनोवर दर १० मिलीसेकंदाला लूप, एन्कोडर (फिरणं मोजणारा सेन्सर) एका फेरीला २४०० काउंट देतो, ६ व्होल्टला मोटर १४० आरपीएमने फिरते, टाइम कॉन्स्टंट (अंतिम स्पीडच्या साधारण ६३ टक्क्यांना पोचायला लागणारा वेळ) ८० मिलीसेकंद, केपी (एररला गुणायचा आकडा) ०.८, केडी (एररच्या बदलाच्या वेगाला गुणायचा आकडा) ०.०१, आणि स्टेप, म्हणजे एकदम मागितलेला बदल, ० ते २०० आरपीएम. एवढं मोजून प्रश्न विचारलात म्हणून नीट उत्तर देता येतंय, नाहीतर बरेच जण नुसतं "चालत नाही" एवढंच लिहितात.

आता एक काम करा. तुम्ही स्कोप (ग्राफ दाखवणारा ब्लॉक) फक्त स्पीडला लावलाय, तसाच एक स्कोप पीआयडी ब्लॉकच्या आउटपुटला लावा आणि रन करा. पहिल्या क्षणी एरर (हवा तो स्पीड वजा असलेला स्पीड) २००, गुणिले ०.८, म्हणजे नुसतं केपीच १६० व्होल्ट मागतंय. मॉडेलमधल्या ट्रान्सफर फंक्शनला (मोटरच्या समीकरणाला) काय, १६० दिले तर १६० घेतं. खऱ्या मोटरला मिळणार १२, त्यातले एल२९८एन मध्येच दोनेक व्होल्ट जातात (तो जुन्या पद्धतीचा ट्रान्झिस्टरवाला ड्रायव्हर आहे, करंट वाढला की ड्रॉप अजून वाढतो), म्हणजे हातात साधारण १०. मॉडेल म्हणतंय की १५-२० मिलीसेकंदात मोटर स्पीडला पोचते, आणि तुमच्याच आकड्यांनी हिशेब केला तर पूर्ण १० व्होल्ट दिले तरी २०० आरपीएमला जायला १५० मिलीसेकंद लागतात. तर पहिला ब्लॉक सॅच्युरेशन (व्होल्टेजला हद्द घालणारा), अधिक-उणे १०, कंट्रोलर आणि मोटरच्या मध्ये.

हा टाकला की ओव्हरशूट लगेच मॉडेलमध्ये दिसायला लागेल, कारण ते १५० मिलीसेकंद पीआयडीतला इंटिग्रेटर एररची बेरीज करतच बसतो आणि मोटर २०० ला पोचली तरी साठलेली बेरीज तिला पुढे ढकलत राहते. यालाच वाइंडअप म्हणतात. सिम्युलिंकच्या पीआयडी ब्लॉकमध्ये आउटपुट लिमिट ऑन करून अँटी-वाइंडअपला क्लॅम्पिंग निवडा, आणि अर्डुइनोच्या कोडमध्ये एवढंच करा की आउटपुट लिमिटला टेकलेलं असेल आणि एरर त्याच दिशेचा असेल तर बेरीज करायची नाही.

थरथरण्याचं कारण मात्र वेगळं आहे आणि मला स्वतःला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण कॉलेजात बोडे प्लॉट, रूट लोकस सगळं कंटिन्युअसमध्ये (कंट्रोलर सलग, न थांबता चालतो असं धरून) शिकवतात आणि शेवटी कंट्रोलर जाऊन बसतो मायक्रोकंट्रोलरमध्ये. तुमची मोटर फर्स्ट ऑर्डर धरली तर कंटिन्युअसमध्ये नुसत्या केपीने ती कधीच अनस्टेबल होणार नाही, केपी हजार करा तरी. पण तुमचा कंट्रोलर १० मिलीसेकंदातून एकदाच जागा होतो. १० मिलीसेकंदात मोटरचा जुना स्पीड ०.८८ पट उरतो आणि प्रत्येक व्होल्टमागे साधारण २.७ आरपीएमची भर पडते. मग क्लोज्ड लूपचा पोल (दर लूपला चूक किती पट होते तो आकडा, चिन्ह सोडून एकपेक्षा मोठा झाला की चूक वाढतच जाते) किती, ०.८८ वजा ०.८ गुणिले २.७, म्हणजे उणे १.२८. एकच्या बाहेर गेला! म्हणजे तुमचा लूप मुळातच अनस्टेबल आहे, सॅच्युरेशनमुळे तो फक्त थरथरण्यावर थांबलाय. या हिशेबाने केपीची हद्द ०.७ च्या आसपास येते. मॉडेलमध्ये झिरो-ऑर्डर होल्ड (पुढच्या सॅम्पलपर्यंत तोच आकडा धरून ठेवणारा ब्लॉक) टाका, सॅम्पल टाइम ०.०१, आणि बघा तीच थरथर स्क्रीनवर येते की नाही.

त्यात भर एन्कोडरची. १० मिलीसेकंदात एक काउंट म्हणजे २.५ आरपीएम, त्याच्या मधलं काहीच तुम्हाला दिसत नाही. एक काउंट इकडचा तिकडे झाला की केपीमुळे २ व्होल्ट आणि केडीमुळे आणखी २.५ व्होल्ट, असा साडेचार व्होल्टचा झटका, तोही १० व्होल्टच्या मोटरला. हे मॉडेलमध्ये आणायला क्वांटायझर ब्लॉक (आकडा ठराविक पायऱ्यांवर आणणारा) घ्या, इंटरव्हल २.५. आणि सिम्युलिंकच्या पीआयडी ब्लॉकमध्ये डेरिव्हेटिव्हला आतून फिल्टर असतो, तुमच्या कोडमध्ये नुसती वजाबाकी आहे. मी तर म्हणेन स्पीड लूपला केडी काढूनच टाका, पीआय (नुसतं केपी आणि इंटिग्रेटर) पुरतो. केपी ०.१ पासून सुरू करा, मग एका काउंटचा झटका पाव व्होल्टवर येतो.

मॅटलॅबचं लायसन्स संपलंय म्हणालात, तर सायलॅब टाका, त्याच्यातच सिम्युलिंकसारखं एक्सकॉस येतं, फुकट आहे आणि या कामाला आरामात पुरतं. आयआयटी बॉम्बेच्या फॉसी (मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करणाऱ्या) प्रोजेक्टने त्यावर बरंच काम केलंय, स्पोकन ट्युटोरियलमध्ये एक्सकॉसची सुरुवात शिकवलेली आहे, ते बघा. एकच गोष्ट आधी सांगून ठेवतो, एक्सकॉसमध्ये स्कोपला डेटाच्या काळ्या वायरशिवाय वरून लाल वायरने क्लॉक जोडावा लागतो, तो राहिला तर ग्राफ येत नाही आणि माणूस तासभर मॉडेलमध्ये चूक शोधत बसतो.

राहिलं फ्रिक्शन. हे कुठल्याही डेटाशीटमधून मिळणार नाही, स्वतः मोजायला लागतं. मी फायनल इयरला असताना मोटर टेबलाला क्लॅम्प करून पीडब्ल्यूएम (अर्डुइनोकडून मोटरला द्यायच्या जोराचा आकडा, ० ते २५५) ० पासून एकेक वाढवत गेलो होतो, शाफ्टवर कागदी टेपचा तुकडा चिकटवला होता हललेलं कळावं म्हणून. ३८ ला टेप पहिल्यांदा हलली, आणि परत कमी करत आलो तर ३० पर्यंत फिरत राहिली. दोन वेगळे आकडे बघून मी तेव्हा पाच-सहा वेळा परत मोजलं, पण ते तसंच असतं, सुटायला जास्त जोर लागतो, फिरत राहायला कमी. तुमच्या मोटरचं असंच मोजा, दोन्ही दिशांना, कारण गिअरबॉक्समुळे दोन्हीकडे सारखं येईलच असं नाही, आणि आलेला आकडा व्होल्टमध्ये करून सॅच्युरेशननंतर डेड झोन ब्लॉकमध्ये (त्याहून कमी व्होल्टेजला मोटर हलत नाही असं दाखवणारा) टाका. हे सगळं टाकून आधी तुमचे जुनेच गेन ठेवून रन करा. मॉडेलची थरथर आणि खऱ्या मोटरची थरथर जवळपास सारखी दिसली तरच पुढे ट्युनिंगला हात लावा, आणि नाही जुळली तर दोन्ही ग्राफ इथे टाका, मी बघतो.